गट, चावडी आणि ग्रामसभा : ग्रामीण लोकसहभाग व समाजमाध्यमे यांविषयीच्या चर्चेचा आढावा

प्रश्न आणि संज्ञा

समाजमाध्यमांच्या प्रसारामुळे ग्रामीण भागातील लोक गावाच्या कारभारात अधिक सहभागी होतात काय, हा प्रश्न गेल्या दशकात विकास-अभ्यासक, पंचायत राज प्रशासन आणि स्वयंसेवी संस्था या तिन्ही वर्तुळांत वारंवार चर्चिला गेला असला, तरी त्याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. याचे एक कारण असे की ‘सहभाग’ या एकाच शब्दाखाली अगदी निरनिराळ्या गोष्टी मोजल्या गेल्या. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी या संदर्भात आजही उपयोगी पडते. तिच्या तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ हाताळले जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर त्यांना माहिती मिळते, त्यांचे मत विचारले जाते किंवा त्यांची समजूत काढली जाते. आणि वरच्या तीन पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार क्रमाक्रमाने त्यांच्या हाती येतो. महाराष्ट्रातील एखाद्या गावाच्या भाषेत सांगायचे, तर नळाला पाणी कधी सुटणार हे कळणे, पाण्याची टाकी कोठे बांधावी याविषयी विचारणा होणे आणि घरकुलाचे लाभार्थी ग्रामसभेत सर्वांसमक्ष निवडले जाणे, या तीन गोष्टी शिडीच्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत. समाजमाध्यमांविषयीची बरीचशी आशादायक विधाने यांपैकी पहिल्या गोष्टीच्या पुराव्यावर तिसऱ्या गोष्टीचा दावा करतात, हे साहित्य वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

पार्श्वभूमी : ग्रामसभेचा अधिकार आणि रिकामी सभा

घटनेच्या ७३व्या दुरुस्तीने (१९९२, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय नमूद केले. महाराष्ट्रात १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम आधीपासून होता. त्यात पुढे झालेल्या सुधारणांनी ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे आवश्यक ठरवले, आणि ग्रामसभेसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस प्रघाताने रूढ झाले. गणपूर्तीसाठी, म्हणजे ज्याला गावात सर्रास ‘कोरम’ म्हणतात त्यासाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला ही अट लागू होत नाही. या तरतुदीमुळे मोजक्या माणसांत उरकलेली सभाही कायद्याने वैध राहते, आणि सभेची वार्ता सर्वांपर्यंत पोहोचली नाही ही तक्रार पंचायत राज व्यवस्थेइतकीच जुनी ठरते.

अर्थात सर्वत्र हेच चित्र होते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने जी पद्धत विकसित केली, तिच्यात निर्णय सर्वसहमतीने घेणारी ग्रामसभा आणि त्या निर्णयापूर्वी विषयाचा मोकळेपणाने अभ्यास करणारा ‘अभ्यास गट’ अशा दोन वेगळ्या बैठका आहेत. अभ्यास गटात ठराव होत नाही, तेथे फक्त समजून घेतले जाते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली, ती समाजमाध्यमे तेथवर पोहोचण्यापूर्वी. चर्चा आणि निर्णय यांची ही विभागणी पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते, कारण गावातील आजचा व्हॉट्सॲप गट यांपैकी नेमके कोणते काम करतो, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेलेच नसते.

तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहता, ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची राष्ट्रीय योजना, जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली, २०११ मध्ये मंजूर झाली. परंतु खेड्यातील वापराला खरा वेग आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटाचे दर कोसळल्यामुळे. म्हणजे इंटरनेट खेड्यात प्रामुख्याने पोहोचले ते पंचायतीच्या कार्यालयातील संगणकावाटे नव्हे, तर खिशातील फोनमधून आणि खासगी गटांच्या रूपाने. दवंडी, चावडीवरील फलक आणि मंदिरावरील भोंगा ही सार्वजनिक साधने होती, ती सर्वांच्या कानी किंवा नजरेस पडत. गट मात्र ज्याला कोणी तरी ‘ॲड’ केले आहे त्याच्यापुरताच असतो.

गावाच्या गटात प्रत्यक्ष काय चालते

ग्रामपंचायतीच्या किंवा गावाच्या नावाने चालणाऱ्या गटांचे स्वरूप महाराष्ट्रभर बरेचसे सारखे दिसते. पाणी सुटण्याची वेळ, वीजपुरवठा बंद राहण्याची सूचना, रेशन दुकानात धान्य आल्याची खबर, पीक विम्याची किंवा एखाद्या योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख, निधनवार्ता आणि दशक्रियेचा दिवस, वाढदिवसाचे फलक, आणि त्यांच्या मधूनच कोणी टाकलेले फुटलेल्या जलवाहिनीचे किंवा बंद पथदिव्याचे छायाचित्र. यांतील शेवटचा प्रकार अभ्यासकांना सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे बातमी ऐकणारा माणूस तक्रारदार नागरिक होतो. परंतु त्या छायाचित्राचे पुढे काय होते ते गटाच्या रचनेवर अवलंबून असते. जून २०१८ अखेरीस व्हॉट्सॲपने केवळ ॲडमिनच संदेश पाठवू शकेल अशी सोय उपलब्ध करून दिली, आणि जेथे वाद वाढले तेथे हा पर्याय वापरणे सोपे झाले. असा गट सूचना फलकाचे काम उत्तम करतो; आर्नस्टाइन यांच्या शिडीवर मात्र तो माहितीच्या पायरीच्या वर चढू शकत नाही. उलट सर्वांना बोलू देणाऱ्या गटात तक्रार शुभेच्छांच्या पुराखाली काही तासांत दिसेनाशी होते. ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक गटात उपस्थित असला, तरी गटातील मजकूर कार्यालयीन अर्ज मानला जात नाही, त्याला आवक क्रमांक पडत नाही आणि तो सभेच्या इतिवृत्तात, म्हणजे प्रोसिडिंगमध्ये येत नाही.

प्रमुख भूमिका

पहिली भूमिका विस्ताराची आहे. तिच्या पुरस्कर्त्यांच्या मते संपर्काचा खर्च कमी झाला की आजवर गप्प राहिलेले लोक बोलू लागतात आणि विखुरलेली गावे एकमेकांना सापडतात. या बाजूने दिली जाणारी उदाहरणे दुर्लक्षिण्यासारखी नाहीत. हरियाणातील बीबीपूर या गावाच्या सरपंचांनी जून २०१५ मध्ये सुरू केलेला मुलीसोबतच्या सेल्फीचा उपक्रम काही आठवड्यांत देशभर पसरला. जून २०१७ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप राज्यभर पसरण्यात समाजमाध्यमांवरील संदेशांचा वाटा मोठा होता. पाटोद्याचे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील यांची भाषणे यूट्यूबवरून ज्या गावांत पोहोचली, तेथील नवे सरपंच एरवी त्यांच्या गावाला भेट देऊ शकले असते असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची वार्ताही अशीच झपाट्याने पसरली आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. एका गावाचा ठराव दुसऱ्या गावाला ठाऊक होणे ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी भूमिका याकडे अधिक सावधपणे पाहते. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन केंद्राच्या संस्थापकांपैकी एक असलेले केंटारो टोयामा यांनी ‘वर्धनाचा नियम’ मांडला, त्याचा आशय असा की तंत्रज्ञान स्वतः बदल घडवत नाही. समाजात आधीपासून असलेला हेतू आणि क्षमता, मग त्या चांगल्या असोत वा वाईट, ते वाढवते. त्यामुळे जेथे पंचायत मुळात उत्तरदायी आहे तेथे गटाचा उपयोग होतो, आणि जेथे ती नाही तेथे गट तिच्या अनास्थेलाच नवे रूप देतो. श्रीराम वेंकटरमण यांनी तमिळनाडूतील एका ग्रामसमूहाचा जो मानववंशशास्त्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही ऑनलाइन नाती जात, वर्ग आणि कुटुंब यांच्या जुन्या रेषांवरूनच विणली जातात असे आढळले. महाराष्ट्रात भावकीचा, वस्तीचा आणि पक्षाचा असे वेगवेगळे गट एकाच गावात नांदताना दिसतात, त्याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

या भूमिकेचा सर्वांत ठोस आधार म्हणजे स्त्री-पुरुषांतील दरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतातील सुमारे ४९ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, तर स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. या आकड्यांनंतर वापर वाढला असला, तरी फोन घरातील एकच आणि तोही पुरुषाच्या हाती असणे, क्रमांक पतीच्या नावे नोंदलेला असणे, गटात बोलल्यास घरी विचारणा होणे, या अडचणी आकड्यांत पूर्णपणे उतरत नाहीत. ज्या गावात महिला सभा कागदोपत्री होते, तेथे महिलांची नावे गटाच्या यादीत असणे हाही कागदोपत्री सहभागच ठरू शकतो. बचत गटांच्या स्त्रियांनी आपापले स्वतंत्र गट चालवल्याची उदाहरणे याच्या उलट बाजूस ठेवता येतात. तेथे हिशेब, मालाची विक्री आणि बैठकीचा निरोप या ठरावीक कामांसाठी गट वापरला जातो आणि सदस्या एकमेकींना प्रत्यक्ष ओळखतात.

तिसरी भूमिका धोक्याची आहे, आणि ती महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेली असल्याने तिच्याकडे केवळ तात्त्विक आक्षेप म्हणून पाहता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवांमुळे, भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. त्यांना ज्या खोलीत कोंडून मारले गेले ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची होती. गावाने एकत्र येणे, क्षणात संदेश पोहोचणे, सामूहिक कृती करणे ही सहभागाच्या साहित्यात गुण म्हणून नोंदली जाणारी लक्षणे येथे सर्वच्या सर्व उपस्थित होती, आणि बळी गेले ते गावाच्या कोणत्याही गटात नसलेले भटके लोक. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुरानंतर उसळलेल्या हिंसाचारातही एकाचा जीव गेला. शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने असे दाखवले की अशा घटनांत तांत्रिक अज्ञानापेक्षा आधीपासूनचे पूर्वग्रह अधिक प्रभावी असतात. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या भूमिकेत येथे दुवा जुळतो. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, परंतु पूर्वग्रहाला अशी मर्यादा घालता येत नाही, हा आक्षेप कायम आहे.

प्रयोगांतून मिळालेला पुरावा

या भूमिकांची कसोटी लागेल असे प्रयोग संख्येने थोडे आहेत, पण त्यांच्यातून एक बाब पुन्हा पुन्हा समोर येते. स्पेनमधील ग्रानादाजवळच्या हुन या सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या गावाने २०११ नंतर नगरपालिकेचा कारभार ट्विटरवर आणला. विल्यम पॉवर्स आणि एमआयटीचे डेब रॉय यांनी त्याचे जे वर्णन केले आहे, त्यात लक्षवेधी भाग हा की रहिवाशाने बंद दिव्याची तक्रार केली की महापौर ती संबंधित वीजतंत्रीकडे सर्वांदेखत सोपवत, आणि काम झाल्यावर तो तंत्री स्वतः छायाचित्रासह उत्तर देई. केनियातील लानेट उमोजा येथील प्रशासकीय प्रमुख फ्रान्सिस करिउकी यांनी २०१२च्या सुमारास ट्विटरवरील सूचना साध्या फोनवर एसएमएसने पोहोचतील अशी व्यवस्था वापरली, त्यामुळे स्मार्टफोन नसलेलेही वगळले गेले नाहीत.

भारतातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग छत्तीसगडमधील सीजीनेट स्वर हा आहे. शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गावकरी साध्या फोनवरून आपली तक्रार किंवा बातमी गोंडीसह आपल्या बोलीत ध्वनिमुद्रित करतो. संपादक ती पडताळून प्रसृत करतात, तिच्यासोबत संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक देतात, आणि ऐकणारे दूरदूरचे लोक त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारणा करतात. काम झाल्यास मूळ तक्रारदार पुन्हा बोलून ते कळवतो. यात अक्षरओळखीची अट नाही, स्मार्टफोनची नाही, आणि मुख्य म्हणजे तक्रार पुढे कोठे जाते याचा मार्ग ठरलेला आहे. विस्तारवाद्यांना अपेक्षित असलेले परिणाम जेथे दिसले, तेथे उत्तर देणारी व्यक्ती आणि तिच्यावरील सार्वजनिक दबाव हे दोन्ही घटक होते. 

पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपचा अनुभव याहून थोडा वेगळा आहे. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. दूरचित्रवाणी, चित्रफिती आणि समाजमाध्यमे यांचा तिने भरघोस वापर केला, आणि १ मे २०१८च्या महाश्रमदानासाठी शहरी ‘जलमित्रां’ची नोंदणीही ऑनलाइन झाली, तरीही गावागावांत काम उभे राहिले ते गावकऱ्यांच्या निवासी प्रशिक्षणावर आणि ४५ दिवसांच्या श्रमदानावर. माध्यमांनी उत्साह टिकवला, शेजारच्या गावाची प्रगती डोळ्यांसमोर ठेवली, पण कुदळ हाती घेण्याआधी एकत्र बसून शिकलेली माणसे गावात असणे ही पूर्वअट होती. स्पर्धा संपल्यावर हा सहभाग किती उरतो याविषयी टीकाकारांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. संस्थेने पुढे फार्मर कपमध्ये शेतकऱ्यांचे कायम गट, ऑनलाइन शेतीशाळा आणि व्हॉट्सॲपवरील तज्ज्ञांचे मार्गदर्शन यांची जोड दिली, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर मानता येते.

खोट्या माहितीला आवर घालण्याबाबतचे प्रयोग सुरुवातीला निराशाजनक होते. सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रप्रयोगात सुमारे तासाभराच्या प्रशिक्षणाने लोकांची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता एकंदरीत वाढली नाही. बिहारमध्येच विद्यार्थ्यांसाठी काही आठवडे चालवलेल्या वर्गांचा नंतरचा प्रयोग मात्र यशस्वी ठरला. एका भित्तिपत्रकाने किंवा एका शिबिराने भागत नाही, वेळ द्यावा लागतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

गोव्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. मोले अभयारण्यातील रेल्वे दुपदरीकरणासह इतर प्रकल्पांविरुद्धच्या २०२०च्या मोले वाचवा आंदोलनात तरुणांनी इन्स्टाग्रामवर चित्रे आणि माहितीपट यांच्या आधारे विषय देशभर नेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे हजारो लोक रात्री रेल्वेमार्गाजवळ जमले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. मात्र गोव्यात ग्रामसभा आधीपासूनच गजबजलेल्या आणि वादशील होत्या, ही गोष्ट टोयामा यांच्या बाजूने पुरावा म्हणून वाचता येते.

माध्यमाला मर्यादा घालणारा सहभाग

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा दाखला या चर्चेत सहसा वेगळ्या सदराखाली टाकला जातो, पण तो येथेच शोभतो. २०२२ मध्ये गावाने, प्रथम महिलांच्या सभेत, असे ठरवले की रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजल्यावर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील, जेणेकरून मुलांचा अभ्यास आणि माणसांचे बोलणे होईल. समाजमाध्यमाविषयीचा निर्णय समाजमाध्यमाबाहेर, समोरासमोरच्या सभेत झाला, तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी गावाने स्वतःकडे घेतली, आणि त्याची हाक दिली ती भोंग्याने. पॅरोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतील चार राज्यांच्या ग्रामसभांच्या ध्वनिमुद्रित कामकाजाचा अभ्यास करून जे प्रतिपादन केले, त्याच्याशी हे जुळते : ग्रामसभेत गरीब माणूस अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष प्रश्न विचारतो, तेव्हा मागणी मान्य झाली नाही तरी त्याची प्रतिष्ठा प्रस्थापित होते. गटातील निनावी किंवा अर्धवट टोपणनावाने आलेल्या संदेशाला हे वजन लाभत नाही.

अनिर्णित प्रश्न

कायदेशीर बाजू अंशतःच स्पष्ट झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी गटाच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही असे म्हटले. त्यामुळे गट चालवणाऱ्या सरपंचाची किंवा शिक्षकाची एक भीती कमी झाली. परंतु लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांकांची छायाचित्रे आणि थकबाकीदारांची नावे गटात टाकण्याची सवय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याशी कशी जुळवायची, याचा विचार पंचायतींच्या पातळीवर जेमतेम सुरू झाला आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करणारी ‘सभासार’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली आणली. सभेत बोललेला शब्द नोंदला जावा यासाठी ती मोलाची ठरू शकते, मात्र कोरकू किंवा माडिया या आदिवासी भाषांत बोललेले वाक्य ती कितपत टिपेल यावरच दुर्गम भागातील तिचे मूल्य ठरेल.

सर्वांत अवघड प्रश्न गावकरी कोण हा आहे. कोकणातील अनेक गावांच्या गटांवर मुंबईतील ग्रामविकास मंडळांचे सदस्य आणि परदेशी गेलेले गावकरी अधिक बोलतात. त्यांच्याकडे निधी आहे, वेळ आहे, गावाविषयी जिव्हाळाही आहे, परंतु त्यांच्यापैकी पुष्कळांचे नाव गावच्या मतदार यादीत नाही. याच्या नेमके उलटे टोक म्हणजे बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार. गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावरच्या कोपीत असतात. त्यांची नावे मतदार यादीत आहेत आणि गणपूर्तीची टक्केवारी काढताना ती धरली जातात. इतरांसाठी गट ही ग्रामसभेची पुरवणी असेल. या कुटुंबांसाठी हंगामातला फोन हाच गावाशी बोलण्याचा एकमेव मार्ग आहे. फडावरून पाठवलेला ध्वनिसंदेश सभेत वाजवून त्याची नोंद घेतली जावी काय, त्याला उपस्थितीचे नाही तरी निवेदनाचे स्थान द्यावे काय, असा प्रस्ताव या चर्चेत यायला हवा. आजच्या चौकटीत उपस्थिती नोंदवहीतील सहीने मोजली जाते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे अशी सभा या कुटुंबांवाचून वैध ठरते, आणि त्यांच्या घरकुलाचा किंवा रोजगार हमीच्या कामाचा विषय त्याच सभेत निकाली निघू शकतो.